सोलापूर ते टोरंटो, मधे एक हॉल्ट

नीलम्माची दुसरी बॅग अठ्ठावीस किलो चारशे ग्रॅम भरली आणि संगप्पाच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा समाधान दिसलं.

“ओव्हरलोड,” तो म्हणाला. “ही गाडी सुटत न्हाई.”

विमानवाले बॅगेला तेवीस किलो देतात, बॅगा दोन. पहिली बरोबर तेवीस भरली होती, कारण ती पुतण्यानं, नंदीशनं भरली होती. दुसरी घरातल्या बायकांनी भरली होती. घरी वजनकाटा होता, पण त्याच्यावर संगप्पाची थोरली बहीण सिद्धक्का उभी राहिली की तो एकोणपन्नास दाखवायचा, त्यामुळं सिद्धक्का सोडून त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून रविवारी दुपारी चार वाजता सगळं घर दोन रिक्षांतून होटगी रोडवरच्या संगप्पाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आलं होतं. जिथं एरवी डाळीची पोती आणि टॉवेलचे गठ्ठे चढतात, त्या पार्सलच्या काट्यावर आज टोरंटोला जायच्या बॅगा चढल्या होत्या.

रात्री दहा चाळीसला नीलम्माची मुंबईची गाडी होती, आणि उद्या रात्री मुंबईहून विमान. तिथं त्यांच्या लेकीला, शिवानीला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं बॅग भरायची, ही त्या नियमाला नीलम्मानं जोडलेली पुरवणी.

संगप्पा आपल्या या एकुलत्या मुलीशी चार वर्षं बोलला नव्हता. त्याला कारणं पुष्कळ होती. थोडक्यात सांगायचं तर कारणाचं नाव बिरुदेव. मंगळवेढ्याकडचा, धनगराचा मुलगा, कॉलेजात शिवानीच्या वर्गात. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि त्याच महिन्यात टोरंटो गाठलं. निघायच्या रात्री स्टेशनवर सगळे गेले, संगप्पा ऑफिसात बसून राहिला.

बिरुदेवची आई गोजाबाई आत्ता काट्यापलीकडं एका गठ्ठ्यावर बसली होती. सकाळच्या एस्टीनं आली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. आल्यापासून तिनं चहाला नको, पाण्याला नको आणि पंख्यालाही नको म्हटलं होतं.

“काय काढायचं?” नंदीशनं बॅग उघडली.

आत शंभर कडक भाकरी, शेंगाची चटणी, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, झबली-टोपडी आणि सिद्धक्कानं आणलेल्या दोन चादरी. सगळ्यात वर घडी घातलेलं काळं घोंगडं.

“ते घोंगडं काढा आधी,” सिद्धक्का म्हणाली. ती दुधनीला दिलेली होती आणि तिथून आल्यापासून तिनं या घरातली प्रत्येक गोष्ट जिथं होती तिथून दुसरीकडं ठेवली होती. “टोचतंय ते. तान्ह्या बाळाला घोंगडं पांघरतात होय कुणी?”

“पांगरत न्हाईत, आक्का,” गोजाबाई म्हणाली. “खाली आंथरत्यात. आमच्या घरात पोरगं पयल्यांदा भुईवर टेकवायचं ते घोंगड्यावर. बिरूला बी टेकवलं हुतं.” मग तिनं हात पुढं केला. “पर जड हुतंय तर ऱ्हाऊ द्या. द्या हिकडं.”

घोंगडं परत घे, असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. घेऊ नको, असंही कुणी म्हणालं नाही. नीलम्माला ते दिसलं. तिनं बॅगेत हात घातला, दोन्ही चादरी काढल्या आणि सिद्धक्काच्या मांडीवर ठेवल्या.

“अगं, सोलापुरी चादर!”

“टोरंटोत मिळतात, अक्का.”

“सोलापुरी?”

“सोलापुरीच. शिवानीनं फोटो पाठवलाय. मधल्या मारुतीच्या बाजारात नसतील एवढ्या तिथं एका दुकानात आहेत.”

सिद्धक्कानं चादरी उचलल्या, उठली आणि भावाच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली. सकाळपासून ती नीलम्माच्या पार्टीत होती. आता ती तिथं राहिली नव्हती.

चाळीस भाकरीही उतरवल्या तेव्हा काटा तेवीसवर आला. संगप्पानं चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. तेवीसच होते. त्याचा एक मुद्दा संपला.

आता त्या ऑफिसातल्या फळ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं.

संगप्पाच्या टेबलामागं भिंतभर काळा फळा होता. गाडी सुटली की त्यावर खडूनं एक ओळ पडायची: गाडी, किलोमीटर, निघाली, पोचली. पोचल्यावर ड्रायव्हरनं फोन करायचा. मालक तीन प्रश्न विचारणार, अडतीस वर्षं तेच आणि त्याच क्रमानं: कुटं हाईस, माल नीट हाय का, जेवलास का. तिन्हीची उत्तरं मिळाली की ओळ पुसायची. फोन ड्रायव्हरनंच करायचा. एकदा एका ड्रायव्हरच्या मेव्हण्यानं ‘गाडी नागपूरला पोचली’ म्हणून कळवलं होतं, आणि गाडी त्या वेळी मोडनिंबजवळच्या ओढ्यात होती. तेव्हापासून दुसऱ्यानं दिलेला निरोप या ऑफिसात निरोप धरत नाहीत. फळ्याच्या वर ऑइल पेंटनं लिहिलं होतं: ‘रेंज नव्हती हे कारण चालणार नाही. हुकमावरून.’

आणि फळ्याच्या अगदी तळाला एक ओळ होती जी कधी पुसली जात नव्हती. ‘शि. १३,३००. निघाली १८/६, रा. १०.४०. पोचली’ आणि पुढं काहीच नाही. कडेला बारीक अक्षरात ‘९॥’. दसऱ्याला फळ्याला नवा रंग द्यायचे. संध्याकाळी बघावं तर मालकांनी ती ओळ परत लिहिलेली.

ड्रायव्हर लोकांत त्या ओळीची मोठी कथा होती. ‘शि’ नावाची एक गाडी कांदा भरून निघाली आणि हुबळीच्या पुढं गायब झाली. किलोमीटर तेरा हजार तीनशे, म्हणजे ती अजून फिरतेय. जोतीराम ड्रायव्हरनं तर ती एकदा पहाटे चित्रदुर्गाजवळ ओव्हरटेक करताना पाहिली होती, आत कुणीच नव्हतं, पण इंडिकेटर व्यवस्थित दिला होता. क्लार्क गुरप्पा शिकलेला असल्यामुळं असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या मते ती विम्याची केस होती.

नीलम्मा या ऑफिसात वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेला सकाळी यायची. तेव्हा फळा ओला असायचा.

“तिकीट आण,” संगप्पा नंदीशला म्हणाला.

नंदीशला ठाऊक होतं की हे येणार. थोरला काका म्हणून तो संगप्पाला दोड्डप्पा म्हणायचा, आणि दोड्डप्पाचा एक मुद्दा संपला की दुसरा कुठल्या रस्त्यानं येतो हे त्याला पाठ होतं. त्यानं छापलेलं तिकीट टेबलावर ठेवलं.

“मुंबई सुटणार दोन तीस. टोरंटो पोचणार पंधरा तीस,” संगप्पानं बोट ठेवून वाचलं. “तारीख तीच. म्हंजे तेरा तास.”

“दोड्डप्पा, ते तसं धरायचं नसतं.”

“मधी लंडनला हॉल्ट, चार तास पन्नास मिनिटं. चालण्याचा टाइम ऱ्हायला आठ तास धा मिनिटं. किलोमीटर सांग.”

“मुंबई-लंडन सात हजार दोनशे. लंडन-टोरंटो पाच हजार सातशे.”

“बारा हजार नऊशे.” संगप्पानं कॅल्क्युलेटरची बटणं दाबली आणि ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. “ताशी पंधराशे ऐंशी.”

मग तो क्लार्ककडं वळला.

“गुरप्पा, आपला जोतीराम किती मारतो?”

“मोकळी गाडी आसंल तर पंच्याऐंशी, मालक. दोनदा काढलाय त्याला आपण.”

“ऐका. पंच्याऐंशीला मी माणूस घरी बसवला. हितं हा बाबा पंधराशे ऐंशीनं हाणतोय, आन मागं तीनशे माणसं.”

“आणि पाण्यावरनं,” सिद्धक्का म्हणाली.

“आन पाण्यावरनं,” संगप्पानं मान्य केलं.

“तिकडं रस्ता मोकळा आसंल पर,” गोजाबाई म्हणाली. तिला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, फक्त न्याय व्हावा असं वाटत होतं.

नंदीशनं टेबलावरच्या टोपलीतून एक लिंबू उचललं. लांबच्या गाडीच्या चाकाखाली ठेवायला ऑफिसात कायम लिंबं असायची. “हे बघा. ही पृथ्वी.”

“आन सूर्व्य?” गोजाबाईनं विचारलं.

“ती ट्यूबलाइट. आपण इकडं. टोरंटो इकडं, मागच्या बाजूला. आपल्याकडं ऊन आधी येतं, त्यांच्याकडं नंतर. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहे. म्हणजे तिकिटावर तेरा तास दिसतात, पण त्यात साडेनऊ मिळवायचे. साडेबावीस तास लागतात. विमान आपलं सातशे-आठशेनंच जातं, सगळ्यांसारखं.”

“म्हणजे तिकडं आत्ता सकाळ?” सिद्धक्का म्हणाली.

“सात वाजत आलेत.”

“कालचे का आजचे?”

“आजचे.”

“मग आपण इथं दुपारी जे काय केलं, ते त्यांच्यात अजून व्हायचंय?”

नंदीशनं पृथ्वी टोपलीत परत ठेवली.

“ते काय का आसंना,” संगप्पा म्हणाला. हे सगळं चालू असताना त्यानं एकदाही लिंबाकडं पाहिलं नव्हतं. “मला पटत न्हाई. मी ही गाडी सोडत न्हाई.”

“नका सोडू,” नीलम्मा म्हणाली. “मला पण जायचं नाही.”

ती हे इतक्या सहज म्हणाली, जणू बॅगेतून अजून एखादी वस्तू काढायची राहिली होती.

नीलम्मानं हे सकाळपासून पोटात ठेवलं होतं. सकाळी शिवानीचा फोन आला तेव्हा ती भाकरी मोजत होती, एक्क्याऐंशीवर होती, आणि फोन ठेवल्यावर तिला परत एकपासून मोजावं लागलं. त्यानंतर ती बॅगेत एकेक वस्तू घालत गेली आणि प्रत्येक वस्तूला मनात म्हणत गेली, जाशील का न जाशील, तुला ठाऊक.

“सकाळी शिवानीनं सांगितलंय,” ती म्हणाली. “अव्वा, अप्पांनी स्वतःच्या तोंडानं ‘पाठवतो’ म्हटलं तर ये. नाहीतर तिकीट जाऊ दे. तू इथं येऊन मला डिंकाचे लाडू देणार आणि पाठ फिरवून रडणार, तिकडं अप्पा उपाशी बसणार. असल्या बाळंतपणापेक्षा मी एकटी बरी, असं म्हणाली.”

“उपाशी का बसीन मी?”

“शेगडीची कळ कुठल्या बाजूला फिरवायची सांगा बघू.”

संगप्पाला सोलापूरपासून कोचीनपर्यंतचा प्रत्येक पेट्रोल पंप ठाऊक होता, कुठल्या पंपावर मीटर पळतं हेही. शेगडीचा विषय त्यानं सोडून दिला.

“चार वर्षं झाली,” नीलम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “तिचं तुम्हाला सांगायचं, तुमचं तिला. ताप आला सांगायचं, ताप गेला सांगायचं. तुम्ही इकडं तोंड करून ऐकणार आणि काही न ऐकल्यासारखं ताक मागणार. मी काय पार्सल सर्व्हिस आहे का? ते तुमचं काम आहे. मी आता बॅगा नेईन, निरोप नेणार नाही. साकु.”

साकु म्हणजे पुरे. नीलम्मा कन्नडमध्ये शिरली की पुढं वाद नसतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“तिला फोन करायला हात न्हाईत?” संगप्पा म्हणाला.

“तुम्ही उचलला असता?”

संगप्पानं खुर्ची फिरवली आणि फळ्याकडं पाहिलं. उत्तर नसलं की तो फळ्याकडंच बघायचा, तिथं निदान दहा-बारा जण कुठंतरी जात असायचे.

नंदीशनंही पाहिलं. त्याच्या डोक्यात अजून ते आकडे फिरत होते. बारा हजार नऊशे. त्याला उगाच वाटलं, घरापासून धरायला हवं. सोलापूर-मुंबई चारशे. त्यानं मनात बेरीज केली, मग फळ्याच्या तळाशी नजर गेली, आणि त्यानं परत बेरीज केली. बेरीज काही बदलली नाही.

“गुरप्पामामा,” तो हळूच म्हणाला, “त्या शेवटच्या ओळीत बाजूला साडेनऊ का लिहिलंय?”

“कायमचं नसतंय ते,” गुरप्पा म्हणाला. त्याला आनंद झाला, कारण त्याला कुणी सहसा विचारत नसे. “नोव्हेंबरात मालक ते साडेधा करत्यात. मार्चात परत साडेनऊ. मला वाटतं टायरच्या हवेचं काहीतरी आसंल, थंडीत वाढवायला लागती.”

“टोरंटोत थंडीत घड्याळ एक तास मागं घेतात,” नंदीश म्हणाला.

मग तो काकाकडं वळला. 

“दोड्डप्पा. तुम्हाला घड्याळाचं माहीत होतं.”

संगप्पानं टोपलीतलं लिंबू घेतलं आणि ते पिकलंय का ते बारकाईनं पाहिलं.

“काय झालं?” गोजाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. “त्या वळीत काय लिवलंय?”

नीलम्मा उठली. फळ्यापाशी गेली. खालची ओळ वाचायला तिला वाकावं लागलं आणि तिचे गुडघे वाजले. “शि.,” तिनं वाचलं. “तेरा हजार तीनशे. निघाली अठरा जून, रात्री दहा चाळीस.” ती थांबली. “पोचली. पुढं रिकामं आहे.”

त्या रिकाम्या जागेवरून तिनं बोट फिरवलं.

“पण मी सांगितलं होतं की तुम्हाला,” ती फळ्याला म्हणाली. “वीस जूनला. भात वाढत होते. पोचली म्हणून सांगितलं.”

“तू सांगितलंस,” संगप्पा म्हणाला. “तिनं न्हाई.”

गुरप्पानं फळ्यावरच्या ऑइल पेंटकडं पाहिलं, मग मालकाकडं, मग ओळीकडं. चार वर्षांची विम्याची केस त्याच्या डोळ्यांसमोर मिटत होती आणि तिच्या जागी काय येतंय हे त्याला नीट कळत नव्हतं.

सिद्धक्का मांडीवरच्या चादरींवर हात फिरवत होती. या लग्नाला सगळ्यात जास्त विरोध तिचाच होता. दुधनीहून खास येऊन तिनं तो तीन दिवस केला होता, आणि परत जाताना संगप्पाला म्हणाली होती, तू आता कच्चा पडू नकोस. तो पडला नाही. तिनं सांगितलेलं त्यानं आयुष्यात एवढं एकच ऐकलं होतं.

“संगू,” ती म्हणाली. हे नाव घ्यायला आता तीच एक उरली होती. “मी तुला कच्चा पडू नको म्हटलं होतं. चार वर्षं म्हटलं नव्हतं. फोन कर.”

“काय बोलू?” संगप्पा म्हणाला.

उत्तर दिलं ते गोजाबाईनं.

“पावणं, म्या बी दोन साल बिरूशी बोलले न्हवते. मला वाटलं, तुमच्या लेकीनं माजं पोरगं न्हेलं. तुमाला वाटलं, माज्या पोरानं तुमची लेक न्हेली. आता दोगं कुटं ग्येली ते त्यांनाच ठावं.” तिनं पदर सारखा केला. “मग येक दिस मेंढरांमागं हुते, तर फोन आला. म्हनला, आई, हितं लई बरफ हाय, मला तुजं घोंगडं पायजे. दोन सालानं पयला सबुद काय, तर घोंगडं. म्या बी म्हनलं, पांढरं का काळं? झालं की. बोलायला लागलो.”

संगप्पानं तिच्याकडं पाहिलं. या बाईनं त्याच्याशी सलग चार वाक्यं बोलण्याची ही पहिली वेळ होती. त्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. या वेळी ती नको म्हणाली नाही.

“लाव,” तो नीलम्माला म्हणाला. “चेहरा नको. नुसता आवाज.”

नीलम्मानं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. तो वाजत होता. संगप्पाला अडतीस वर्षांत फोनची भीती कधी वाटली नव्हती. घाटात उलटलेल्या गाडीचा फोन त्यानं भात खाता खाता घेतला होता. आता त्याला वाटलं, उचलू नये तिनं. मग वाटलं, का उचलत नाही.

“हां, अव्वा,” शिवानीचा झोपाळलेला आवाज आला.

संगप्पाच्या तोंडून एकच गोष्ट बाहेर येऊ शकली, कारण फोन कानाला लावल्यावर त्याच्या तोंडून तीच येत आली होती.

“कुटं हाईस?”

विमानाला साडेबावीस तास लागतात, आवाजाला काहीच लागत नाही, असं लोक म्हणतात. त्या दिवशी बराच वेळ लागला.

“टोरंटोत, अप्पा,” शिवानी म्हणाली.

लहानपणी शाळा सुटली की ती याच ऑफिसात बसून अभ्यास करायची. हे तीन प्रश्न तिनं पाढ्यांच्या आधी पाठ केले होते. पुढचा कुठला ते तिला माहीत होतं. ती थांबली.

“माल नीट हाय का?” संगप्पानं विचारलं आणि विचारल्यावर त्याला कळलं आपण काय विचारलं.

“नीट आहे, अप्पा.” शिवानी म्हणाली. “रात्रभर लाथा मारतंय. जरा वेळापूर्वी निजलं.”

“जेवलीस का?”

“अप्पा, सकाळचे सात वाजलेत इथं.”

“सात बारा,” संगप्पा म्हणाला. त्यानं घड्याळाकडं पाहिलं नव्हतं.

नीलम्मानं पदर तोंडाला लावला. नंदीशनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार बेचाळीस. मिनिटही चुकलं नव्हतं.

तीन प्रश्न संपले होते. इथं ओळ पुसायची आणि फोन ठेवायचा, असा नियम होता. संगप्पा फोन धरून बसला. मग त्यानं घसा खाकरला आणि आवाज चढवला, रेणिगुंट्याला बिघडलेल्या गाडीशी बोलावं तसा.

“पोचल्यावर फोन का न्हाई केलास?”

सिद्धक्कानं डोळे मिटले. झालं, परत भांडण.

पलीकडं शिवानीनं श्वास घेतला. तिच्याकडं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं असणार. चार वर्षांत तिनं ती तयार करून ठेवली असणार, काही कडू असतील आणि बरीचशी खरी. तिनं त्यातलं एकही दिलं नाही.

“रेंज नव्हती, अप्पा,” ती म्हणाली.

ऑफिसातल्या सगळ्यांनी एकाच वेळी वर पाहिलं. ऑइल पेंट जागेवर होता. या कारणासाठी संगप्पानं माणसं काढली होती. जोतीरामला पंच्याऐंशीसाठी दोनदा काढलं होतं, पण या कारणासाठी तीनदा.

संगप्पानंही वर पाहिलं. आपलंच अक्षर पहिल्यांदा दिसावं तसं पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला. “होतंय कधीकधी.”

मग तो जरा वेळ नुसता ऐकत राहिला. तिकडून काय येत होतं ते बाकीच्यांना कळलं नाही, शब्द नव्हते एवढं कळलं. “हां,” तो म्हणाला. “हां. रडू नको, त्याला जाग येईल.” आणि मग, “तुझ्या अव्वाला पाठवतोय. तेवीस-तेवीस किलो हाय. ओव्हरलोड न्हाई. वर घोंगडं हाय, ते आधी काढ, खाली आंथरायचंय. तुझ्या सासूबाई सांगतील कसं.” त्यानं फोन गोजाबाईकडं दिला. गोजाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि टोरंटोपर्यंत थेट पोचेल एवढ्या मोठ्यानं विचारलं, “बिरू उटला का?”

नीलम्मा काट्याजवळच्या बॅगेवर टेकली होती. संगप्पा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. एकमेकांशिवाय ते दोघं चाळीस वर्षांत जास्तीत जास्त आठ दिवस राहिले होते. तेही ती दुधनीला सिद्धक्काकडं गेली होती, जेमतेम सत्तर किलोमीटर.

“शेगडीची कळ?” त्यानं हळूच विचारलं.

“दाबून डावीकडं,” ती म्हणाली. “डाव्या हाताला. काढलेल्या चाळीस भाकरी कपाटात ठेवते. दिवसाला एक खाल्लीत तर मी येईपर्यंतचे निम्मे दिवस भागतात.”

“आन मग?”

“मग फोन करा. सांगते.”

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. संगप्पानं टोपली उचलली. लांबच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय या आवारातून काही सुटत नसे, आणि बॅगेला चाकं होती. एका बॅगेला चार. दोन बॅगा. त्यानं वाकून आठ लिंबं मांडली. नीलम्मानं बॅगांना विभूती लावली, गोजाबाईनं पिशवीतून पुडी काढून वर भंडारा टाकला, आणि पिवळ्या-पांढऱ्या झालेल्या त्या बॅगा नंदीशनं पुढं ओढल्या. सात लिंबं फुटली. आठवं घरंगळत टेबलाखाली गेलं. त्यामागं सिद्धक्का गेली, ते शोधून तिनं चपलेनं फोडलं, आणि मग मघाच्या दोन चादरींतली एक घडी मोडून नीलम्माच्या खांद्यावर टाकली.

“अंगावर घेतलेल्याचं वजन करत नाहीत,” ती म्हणाली.

संगप्पा फळ्यापाशी परत आला. खडू घेऊन त्यानं मधल्या रिकाम्या जागेत नवी ओळ लिहिली. ‘नी. १३,३००. निघाली’. मग तो नीलम्माकडं वळला. “पोचल्यावर तू स्वतः सांगायचंस. शिवानीनं सांगितलेलं चालणार न्हाई.”

“आणि रेंज नसली तर?”

तो तळाच्या ओळीपाशी वाकला आणि डस्टर फिरवला. गेल्या दसऱ्यापासूनचा खडू होता, एका हातात गेला नाही. तिसऱ्यांदा फिरवल्यावर ‘शि’ गेला, मग किलोमीटर. ‘९॥’ तेवढं त्यानं ठेवलं, आता ते दुसऱ्या ओळीला लागणार होतं.

गुरप्पा मघापासून उभाच होता. त्याला सगळं समजलं होतं आणि तो डोळेही पुसत होता, पण माणूस चार वर्षं एक गोष्ट मनात धरून असतो.

“मालक,” तो म्हणाला, “मग त्या कांद्याचं काय झालं?”

संगप्पानं डस्टर खाली ठेवला आणि हातावरचा खडू झटकला.

“पोचला,” तो म्हणाला. “नीट पोचला.”